परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने देशभराची शीघ्र हस्तक्षेप व्यवस्था खरंच उभी राहते का, की सगळं कार्यशाळा आणि प्रमाणपत्रांवरच संपतं?

प्रश्न जरा वैतागून विचारलेला दिसतोय, आणि वैताग रास्त आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, शून्य ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम करते. अशा कार्यशाळा मीही पुष्कळ बसून काढल्यात. एका ठिकाणी तर भेट आलेली खेळण्यांची पेटी नंतर कपाटात कुलूपबंद राहिली, कारण एखादा तुकडा हरवला तर भरून कोण देणार! तरीही माझं उत्तर ‘उभी राहते’ असंच आहे. पण तिला लागणारा काळ कुठल्याही प्रकल्पाच्या मुदतीत मावत नाही.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मूल जन्मतःच काही अडचण घेऊन आलं असेल, किंवा मान धरणं, बसणं, बोलणं मागे पडत असेल, तर शाळेच्या वयाची वाट न बघता त्याला आणि घरच्यांना मदत सुरू करायची, हा शीघ्र हस्तक्षेप. यात डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षिका, समाजसेवक सगळे लागतात आणि प्रत्येकाचा पगार वेगळ्या खात्यातून निघतो. घोडं अडतं ते इथेच.

मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो पोर्तुगाल. ऐंशीच्या दशकात तिथे पोर्टेज पद्धत पोचली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या गावी १९६९ मध्ये ती सुरू झाली होती. विखुरलेल्या खेड्यांतल्या मुलांना केंद्रावर आणणं जमत नव्हतं, म्हणून शिक्षिकाच आठवड्याला घरी जायची आणि पुढच्या आठवड्याचं काम आईवडिलांना करून दाखवायची. मग १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या राज्यांनी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सगळ्या खात्यांची मिळून सेवा उभारायची, प्रत्येक कुटुंबाचा लेखी आराखडा करायचा आणि समन्वयाला एक माणूस नेमायचा, असं त्यात होतं.

पोर्तुगीज मंडळींनी हे वाचलं, अमेरिकन तज्ज्ञांशी बोलले, आणि देशभर घाई न करता १९८९ मध्ये कोइंब्रा या एकाच जिल्ह्यात काम मांडलं. आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण अशा तिन्ही खात्यांची माणसं एका टीममध्ये. तिथून तिन्ही खात्यांचा संयुक्त आदेश निघायला १९९९ उजाडलं, आणि राष्ट्रीय व्यवस्थेचा कायदा व्हायला २००९. मोजा, वीस वर्षं. मधल्या काळात सरकारं आली आणि गेली, पण कोइंब्रात तयार झालेली माणसं कामाला धरून राहिली. माझ्या मते परदेशी मदतीचं खरं फळ ही माणसं. अमेरिकेचा कायदा तिसऱ्या वाढदिवसाला थांबतो, पोर्तुगालने सहा वर्षांपर्यंत नेला, कारण त्यांच्याकडे सक्तीची शाळा सहाव्या वर्षी सुरू होते. उसनं घेतलेलं असं आपल्या मापाने बेतून घेतलं की टिकतं. सगळं गोडगोड आहे असं मात्र समजू नका, माणसांची चणचण आणि वेटिंग लिस्ट त्यांनाही चुकलेली नाही.

नंतर रॉबिन मॅकविल्यम या अमेरिकन तज्ज्ञाची दिनक्रमावर आधारलेली मुलाखत तिथे शिकवली गेली. ही पद्धत मला फार आवडते. उठल्यापासून झोपेपर्यंत घरात काय काय होतं आणि त्यात कुठे अडतं, हे कुटुंबाकडून सावकाश ऐकून घ्यायचं, आणि उद्दिष्टं त्यातून काढायची. मी ती माझ्या कामात वापरून पाहिली. एका आईला ‘बाळ बसतं का’ असं विचारलं असतं तर ‘नाही’ एवढंच लिहून घेतलं असतं. दिवस विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, भाकऱ्या थापताना याला ठेवू कुठं? निजवला की रडतो, मांडीवर घेतला तर हात मोकळा नाही.’’ मग आम्ही चुलीपासून लांब, पण आई दिसेल अशा बेताने, भिंत आणि धान्याची कोठी यांच्या कोपऱ्यात त्याला बसवलं, दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावल्या आणि हातात पिठाचा गोळा दिला. बसण्याचा सराव रोज, दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला, आपोआप. केंद्रावर आठवड्यातून एकदा पाऊण तास देऊन मला हे साधलं नसतं.

दुसरं उदाहरण थेट मुंबईचं. तुर्कस्तानात अंकारा विद्यापीठात डॉ. इल्गी एर्तेम यांनी मुलाच्या विकासावर लक्ष ठेवण्याची एक पद्धत तयार केली. तिची सुरुवात होते ती मुलाबद्दल काही काळजी वाटते का, या मोकळ्या प्रश्नाने. पुढे मूल आपलं म्हणणं कसं कळवतं, कसं खेळतं, असं आईशी गप्पा मारल्यासारखं विचारत जायचं. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान असा चार देशांत मिळून तिचा अभ्यास झाला. भारतातलं काम मुंबईच्या ‘उम्मीद’ या संस्थेने केलं, तिच्या संस्थापक डॉ. विभा कृष्णमूर्ती. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: निरोगी मुलं बहुतेक टप्पे चारही देशांत साधारण सारख्याच वयात गाठतात, मुलगा असो की मुलगी. इथे कुणी कुणाला शिकवायला आलेलं नव्हतं, चौघांनी मिळून एक प्रश्न सोडवला. सहकार्य म्हणतात ते याला. (आणि परदेशी मोजपट्टी इथल्या मुलांवर तपासून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांच्या बाळांच्या विकासाच्या चाचणीवरून बडोद्यात भारतीय मापं बसवली गेली, आणि त्यातून आलेली प्रमिला फाटक यांची ‘डीएएसआयआय’ ही चाचणी आजही आपल्या बाळांसाठी वापरतात.)

आता आपल्याकडचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. कागदावरची रचना उत्तम आहे. फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करणार, आणि ज्यांना गरज ती मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणार. पण सापडलेलं मूल आणि केंद्र यांच्यात एसटीचं भाडं, बापाचा बुडालेला रोज आणि घरी असलेली आणखी दोन मुलं उभी असतात. चिठ्ठी लिहून दिली की पथकाचं काम झालं, आणि केंद्राचं काम मूल आल्यावर सुरू होतं. मधला रस्ता कुणाच्याच खात्यात नाही. पोर्तुगालकडून शिकायचं असेल तर हे: त्यांच्याकडे कुटुंबाला धरून ठेवणारा टीममधला एक माणूस ठरलेला असतो.

तेव्हा तुमच्याकडे पाहुणे तज्ज्ञ येणार असतील तर व्याख्यानांचे दिवस कापा आणि त्यांना घरभेटींना न्या, अंगणवाडी सेविकेसकट. वर्षभराने तेच लोक परत येणार का, आणि मधल्या काळात फोनवर केसची चर्चा करणार का, हे आधीच लिहून घ्या. आणि आरोग्यवाल्यांबरोबर महिला-बालविकास आणि शिक्षण खात्याचा माणूस पहिल्याच बैठकीला बसवा. त्याला नुसतं उद्घाटनाचं निमंत्रण गेलं तर तो येतो, नारळ फोडतो, चहा घेतो आणि जातो.