शेंगाचटणी बंद केली, तरी आईचं पोट दुखतंच

प्रश्न : आई पंचवीस वर्षं विड्या वळते. छातीखाली जळजळतं, रात्री दोनला उठून दूध पिते. शेजारच्यांच्या सांगण्यावरून शेंगाचटणी बंद केली, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, जंतूची तपासणी करा. कॅनडाच्या उत्तरेकडच्या आदिवासी गावांतही हाच जंतू आहे, असं वाचलं. तिथं तर आपल्यासारखं तिखट खात नाहीत. मग हे होतं कशानं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चटणी ताटात परत वाढा. जळजळ जास्त असेल त्या दिवशी कमी खाऊ दे, पण हा जंतू चटणीतून येत नाही.

तुम्ही वाचलेलं गाव बहुधा अक्लाविक असावं. आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, मॅकेंझी नदीच्या मुखाजवळ, इनुव्हिआलुइट आणि ग्विचिन लोकांची जेमतेम सहाशेची वस्ती. आहारात मासे आणि कॅरिबू या हरणाचं मांस. जठराच्या कॅन्सरची धास्ती गावानंच बोलून दाखवली, तपासणीची मागणी लावून धरली. २००८ मध्ये दुर्बिणीनं पोट तपासायची सोय थेट गावात आली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत हाच जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, निघाला. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

हा जंतू बहुतेकांना लहानपणी घरातच लागतो. तोंडावाटे, उलटी-शौचातून, अस्वच्छ पाण्यातून. तिकडं लांबलचक हिवाळा आणि अपुरी घरं, इकडं एका खोलीत आठ माणसं आणि काही दिवसांआड येणारं पाणी बॅरलमध्ये साठवलेलं. हवामान वेगळं, दाटी तीच. अल्सरमागे हा जंतू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवलं. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडं मात्र अजून सगळं खापर मिरचीवर फुटतं.

घाबरू नका. जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण तपासणी नीट झाली पाहिजे. शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची तर ॲसिडिटीची गोळी आधी दोन आठवडे बंद हवी, अँटिबायोटिक चार आठवडे. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी बंद करायची ती मात्र डॉक्टरांना विचारून. जंतू निघाला तर औषधं बहुधा १४ दिवसांची असतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत. अर्धवट सोडली की जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. शौचाला डांबरासारखी काळी होणं, रक्ताची उलटी, वजन उतरणं, घास अडकणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक. विडीकाम करणारी एक मावशी माझ्याकडं आली होती. तिनं पदराची गाठ सोडली, तर आत दोन पाकिटं. एक पित्ताचं, एक कंबरदुखीचं. दिवसभर मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे कंबर धरणारच. पण दुकानातून आणलेल्या त्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करतात, आणि जंतू असेल तर धोका आणखी वाढतो. पित्ताबद्दल ती अर्धा तास बोलली. कंबरेची गोळी मी विचारल्यावर निघाली.

म्हणून आईंना दवाखान्यात नेताना पोटाच्याच नव्हे, कंबरेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही पिशवीत टाका. मिश्री लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.