शॉवर ट्रेला तडा गेलाय? आधी खालची पोकळी भरा

ताई, तुम्ही लिहिलंय की रंकाळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या शॉवर ट्रेला जाळीपासून वीतभर अंतरावर चार इंचांचा तडा गेलाय. दोनदा एम-सील लावलं, दोन्ही वेळा महिन्याभरात निघालं, आणि आता प्लंबर म्हणतोय फरशी फोडून ट्रेच बदला. एवढ्यात फोडाफोडी करू नका. हा ट्रे वाचतो. राजारामपुरीतल्या आमच्या घरी मी असाच वाचवलाय. पाच वर्षं झाली, रोज चार माणसांच्या आंघोळी होतात.

एम-सीलचा दोष नाही. ते वाळलं की दगडासारखं कडक होतं, आणि तुमचा ट्रे खाली अजून हलतोय. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा तसा पातळच, त्याला पाठीमागून फायबरचा थर असतो. बसवताना मिस्त्रीने खाली माल नीट पसरला नाही, चार ढिगांवर ट्रे टेकवला, की मधे पोकळी राहते. आपण उभं राहिलो की ट्रे केसभर खाली जातो, बाजूला झालो की वर येतो. रोज हेच झालं तर तो चिरणारच. व्हाइट सिमेंट भरणाऱ्यांचंही याच कारणाने फसतं.

म्हणून आधी एक रुपयाचं नाणं घ्या आणि ट्रेवर सगळीकडे ठोकत जा. भरीव जागी ‘टक्’ वाजतं, पोकळ जागी ‘ढब’. ढब वाजेल तो भाग पेन्सिलने आखून घ्या. माझ्याकडे तो जेवणाच्या ताटाएवढा निघाला आणि तडा बरोबर त्याच्या काठावर होता.

आता त्या बाथरूममधली आंघोळ चार दिवस बंद. तड्यातून खाली गेलेलं पाणी वाळलंच पाहिजे. पंखा लावून ठेवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे टॉवेल वाळत नाही, तिथे ट्रेच्या पोटातलं काय वाळणार!

पोकळ भागात दोन-तीन ठिकाणी 8 मिलिमीटरची भोकं पाडा आणि पीयू फोम (डब्यातून सोडला की फुगून घट्ट होणारा फोम) थोडा थोडा सोडा. एकदम सोडलात तर तो फुगून ट्रे उचलतो, हे काम बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण. सोडण्याआधी ट्रेवर पाण्याच्या भरलेल्या बादल्या ठेवा, तशाच रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाणं ठोका. सगळीकडे ‘टक्’ आलं, तरच पुढे जायचं.

तड्याचं खरं टोक डोळ्याला दिसत नाही. त्यावर निळी शाई चोळा आणि ओल्या फडक्याने पुसा. रेषेत शाई राहते आणि तडा तुम्हाला वाटला त्याहून अर्धा-पाऊण इंच लांब निघतो. दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही. जुनं एम-सील खरवडून काढा, तड्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच द्या आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच 80 नंबरच्या पेपरने खरबरीत करा. पुसायला स्पिरिट घ्या. अ‍ॅसिटोन नको, अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक चिरा पडतात.

भरायला इपॉक्सी रेझिन आणि फायबरची मॅट. उद्यमनगरात फायबरचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडे विचारा. हातभर तुकडा पुरतो. रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, वजनकाट्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको. खाच भरा, भोकं भरा, वर मॅटचे दोन थर, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. ब्रशने दाबून बुडबुडे काढा. मॅट पांढरी दिसली तर ती अजून कोरडी आहे, भिजली की पारदर्शक होते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. 24 तासांनी पाणी लावून घासा: 120, 220, मग 400. सुकं घासू नका, फायबरची धूळ घशात जाते. शेवटचा हात पांढरं पिगमेंट मिसळलेल्या रेझिनचा, आणि तो वाळला की 400 नंबरचा हलका हात फिरवून थांबा. आरशासारखं पॉलिश केलंत तर पाय घसरेल, घरात म्हातारी माणसं असतात.

मात्र तडा जाळीच्या भोकातच शिरला असेल, किंवा ट्रेभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर प्लंबरचं ऐका. जाळीच्या भोकाशी कपलिंगचा, म्हणजे खालच्या पाइपाच्या जोडाचा, ताण येतो, पॅच टिकत नाही. ट्रे सिरॅमिकचा असता तरी मी हा उपाय सांगितला नसता.

आठवड्याने जाळीला बूच लावून ट्रेमध्ये दोन बोटं पाणी भरा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून बघा. पाणी खुणेवरच असून छत ओलं असेल, तर गळती भिंतीच्या कडेची किंवा कपलिंगच्या खालची आहे; मग जुनं सिलिकॉन काढून नवं मारा आणि प्लंबरकडून कपलिंगचा वॉशर बदलून घ्या.