भोंगा वाजेलही, पण पाळी भरेल का?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ईशान्य ओहायोतील बॅटरीच्या कारखान्याने देऊ केलेली नोकरी स्वीकारावी, की कोलंबसला बँकेच्या संगणक विभागात जावे, हा तुझा प्रश्न आहे. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, की अमेरिकेत कारखाने परत येत आहेत असे जे रोज कानावर पडते त्यात तथ्य किती. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

उत्पादन आणि रोजगार यांची गल्लत मात्र करू नकोस. १९७९ मध्ये अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसे कामाला होती. तो उच्चांक नंतर कधीही गाठला गेला नाही. तरीही पुढच्या एकवीस वर्षांतली घट वीस-बावीस लाखांचीच होती. खरा कडेलोट झाला तो २००० ते २०१० या काळात, जेव्हा ५७-५८ लाख नोकऱ्या गेल्या. आज हा आकडा सव्वा कोटीच्या थोडा वर रेंगाळतो आहे, आणि उत्पादनाचे मूल्य मात्र महागाई वजा करूनही १९७९ पेक्षा जास्तच आहे.

यंत्रांनी माणसे खाल्ली म्हणणारे आणि चीनने नोकऱ्या पळवल्या म्हणणारे, दोघेही अर्धेच सांगतात. पोलाद घे. १९८० च्या सुमारास एक टन पोलादामागे माणसाचे दहाएक तास लागत. आता दोनही लागत नाहीत, कारण अमेरिकेतले बहुतांश पोलाद भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत तयार होते. हे तास कोणतेही आयातशुल्क परत आणणार नाही. पण कडेलोटाच्या त्या दहा वर्षांचा हिशेब नुसत्या यंत्रांनी लागत नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि फर्निचर, कापड, खेळणी बनवणारी गावेच्या गावे बसली. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तिथली माणसे पाठ्यपुस्तकात लिहिल्याप्रमाणे दुसरीकडे जाऊन कामाला लागली नाहीत; ती तिथेच राहिली आणि गाव वर्षानुवर्षे सावरले नाही. मला याचे नवल वाटले नाही. ज्या गावात घराला गिऱ्हाईक नाही आणि नातवंडे आजीच्या भरवशावर आहेत, तिथून माणूस उठून जाईल कसा?

मी पिंपरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागात, काम शिकून ईशान्य ओहायोतल्या महोनिंग खोऱ्यात आलो, तेव्हा इथले लोक १९ सप्टेंबर १९७७ हा दिवस घरातल्या मृत्यूसारखा सांगत. त्या सोमवारी यंगस्टाउनची एक मोठी पोलाद गिरणी बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार माणसांचे काम गेले. पुढे आमच्या लहानशा कारखान्यालाही टाळे लागले. लिलावाच्या दिवशी प्रत्येक यंत्रावर क्रमांकाची चिठ्ठी डकवली होती. तीनशे टनी प्रेसच्या खांबावर आमच्या डाय सेटरने, म्हणजे प्रेसमध्ये साचा (डाय) बसवणाऱ्याने, खडूने लिहून ठेवले होते: ‘डावा मागचा कोपरा, दोन शिम, थंडीत तीन.’ शिम म्हणजे उंची जुळवायला खाली सरकवायची पातळ पत्र्याची पट्टी. लिलाववाल्याचा माणूस फोटो काढण्याआधी फडके घेऊन आला आणि त्याने ते पुसून टाकले. प्रेस विकला गेला. ती ओळ लिहायला त्या सेटरला अकरा हिवाळे लागले होते.

आता पुनरुज्जीवनाकडे वळतो. २०१८ मध्ये धुलाई यंत्रांवर आयातशुल्क बसले, तेव्हा सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या खऱ्या, पण ग्राहकांनी मोजलेल्या जादा किमतीचा हिशेब अभ्यासकांनी मांडला तेव्हा एकेक नोकरी सव्वाआठ लाख डॉलरच्या आसपास पडली. विस्कॉन्सिनमध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने २०१७ मध्ये १३,००० नोकऱ्यांचे आश्वासन दिले. २०२१ च्या नव्या करारात ते १,४५४ वर आले. चिप आणि स्वच्छ ऊर्जेच्या उद्योगांना सरकारी मदत देणाऱ्या २०२२ च्या कायद्यांनंतर कारखान्यांच्या बांधकामावरचा खर्च दुपटीहून अधिक वाढला, पण आतल्या नोकऱ्या २०२३ पासून उलट थोड्या घसरल्या. ॲरिझोनात टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना लांबला, तेव्हा कंपनीने यंत्रे बसवणाऱ्या कुशल माणसांचा तुटवडा हे कारण दिले आणि तैवानहून तंत्रज्ञ आणले. मला ती पुसलेली ओळ तेव्हा आठवली. पैसा, जमीन, इमारत हे सारे दोन-तीन वर्षांत उभे राहते. डाय बसवणारा हात तेवढ्यात तयार होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की कारखान्यात जा, पण डोळे उघडे ठेवून. लॉर्ड्सटाउनचे उदाहरण तुझ्या जवळचेच आहे. तिथला मोटारींचा कारखाना १९६६ ते २०१९ चालला आणि ऐन भरात त्यात दहा हजारांहून अधिक माणसे होती. शेजारी बॅटरीचा नवा कारखाना आला तेव्हा सुरुवातीचा पगार ताशी साडेसोळा डॉलर होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कामगारांनी ७१० विरुद्ध १६ मतांनी युनियन आणल्यानंतरच तो लक्षणीय वाढला. कारखान्यातले काम मुळातच चांगल्या पगाराचे असते, हा समज सोडून दे. तो पगार भांडून मिळवलेला होता.

मुलाखतीत पगाराच्या आधी तीन गोष्टी विचार. ॲप्रेंटिस किती आहेत, रात्रपाळीत यंत्र बंद पडले तर ते कोण उघडते, आणि डाय व सुटे भाग कुठून येतात. उत्तर ‘परदेशातून तंत्रज्ञ बोलावतो’ असे आले, तर ती नुसती जुळणीची शेड आहे असे समज आणि बँकेत जा. मी रागावणार नाही. टूलरूम दाखवायला ते आपणहून घेऊन गेले, तर पहिली दोन वर्षे मेंटेनन्सची तिसरी पाळी मागून घे. कार्यालयातली खुर्ची नंतरही मिळेल.

मुलाखत संपली की आमच्याकडे जेवायलाच ये. माझे मायक्रोमीटर आणि शिमचा डबा अजून कपाटात पडून आहे. नोकरी घेणार असशील तर तो घेऊन जा.

तुझा शुभचिंतक