ऐनूंवर वर्गात चर्चा घेताना

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर इंग्रजी शिकवायला लागला आहेस, तर तिथल्या मूळ रहिवाशांचा, ऐनूंचा विषय जरूर घे. पण "ऐनूंबद्दल तुम्हांला काय वाटतं?" असा मोघम प्रश्न टाकू नकोस. वर्गात ऐनू घरातलं मूल असेल तर ते अवघडून जाईल. आपली ओळख उघड न करणारी कुटुंबं तिथे आजही आहेत. म्हणून कुणालाही "तू सांग" म्हणत उभं करायचं नाही.

त्यापेक्षा मजकूर हातात दे. इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासलेखिका १८७८ मध्ये होक्काइदोतल्या बिरातोरी गावी ऐनू मुखियाच्या घरी राहिली. त्यांच्या आदरातिथ्याचं ती मनापासून कौतुक करते आणि त्यांनाच 'रानटी'ही म्हणते. तिच्या प्रवासवर्णनातला एकच परिच्छेद घे. तिने डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि तिचं मत कोणतं, हे मुलांना पेन्सिलीने वेगळं करू दे. अख्खा तास गेला तरी चालेल, विशेषणं कशी काम करतात ते इथेच कळतं.

मात्र बाहेरच्यांच्या लिखाणावर थांबलास तर ते मला अजिबात पटणार नाही. चिरी युकिए या ऐनू तरुणीने घरात ऐकलेली गाणी लिहून काढून जपानीत आणली. १९२२ मध्ये, १९ व्या वर्षी ती गेली. त्या गाण्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. तिच्या प्रस्तावनेचं इंग्रजी भाषांतर बर्डच्या परिच्छेदाशेजारी ठेव, आणि आधी तेच वाचून घे.