पळसपापडी: शेंग की बी?

प्रश्न असा होता: ‘लहानपणी जंत झाले की पळसपापडी देत, असं घरात ऐकलं आहे. ही पापडी म्हणजे पळसाची साल, शेंग की बी? आणि शब्द जोडून लिहायचा की तोडून?’

औषधातली पळसपापडी म्हणजे पळसाची बी. साल नव्हे, डिंकही नव्हे. नाव मात्र शेंगेवरून पडलं असावं, असं मला वाटतं. पळसाची वाळलेली शेंग एकदा हातात घेऊन बघा. चपटी, लवदार, कागदासारखी हलकी; जवळजवळ सगळी रिकामी, आणि अगदी टोकाशी एकच बी. शास्त्रीय नावातल्या ‘मोनोस्पर्मा’चा अर्थही एकबीजी असाच आहे. चपट्या शेंगेला पापडी म्हणणं आपल्याला नवं नाही, वालपापडी आहेच. बीसुद्धा चपटी, तांबूस-तपकिरी आणि सुरकुतलेली असते, त्यामुळे शेंगेचं नाव तिलाही सहज शोभलं.

व्युत्पत्ती तर फारच देखणी आहे. संस्कृत ‘पलाश’मधल्या ‘श’चा प्राकृतात ‘स’ झाला, दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला (फल-फळ, काल-काळ तसा) आणि ‘पळस’ आला. ‘पापडी’च्या मुळाशी ‘पर्पट’. सर्पचा साप होतो तसं ‘पर्प’चं ‘पाप’ झालं, आणि वटचा वड होतो तसा ‘ट’चा ‘ड’. ‘पलाश’चा संस्कृतात एक अर्थ नुसता ‘पान’ असाही आहे. ‘पळसाला पाने तीनच’ म्हणणाऱ्या भाषेत त्या झाडाचं नावच पानावरून असावं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

‘जंत’ही असाच. मूळ ‘जंतु’ म्हणजे कोणताही जीव. मराठीने त्याचे दोन शब्द केले: पोटातला तो जंत, डोळ्यांना न दिसणारा तो जंतू. इतका नेमका भेद एका उकारावर!

या बियांमधून वेगळ्या काढलेल्या कृमिनाशक द्रव्याला ‘पलासोनिन’ म्हणतात. झाडाचं नाव तिथेही टिकलं. मात्र बी जास्त झाली तर बाधते, तेव्हा वैद्याला विचारल्याशिवाय घरी कुणाला देऊ नका.

आता लेखन. हा ‘पळसाची पापडी’ असा समास आहे, म्हणून एकच शब्द: पळसपापडी. वालपापडी आपण तोडून लिहीत नाही, तसंच.