मॉर्फिन, ट्रमाडॉल चालू असताना फ्लू झाला तर

आईला कॅन्सरच्या दुखण्यासाठी सहा महिन्यांपासून मॉर्फिन चालू आहे. घरात सगळ्यांना फ्लू झालाय. तिला धोका जास्त आहे का? (सेलू)

हो, जास्त आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतलं श्वसनकेंद्र श्वास वाढवतं. मॉर्फिन, ट्रमाडॉल, फेंटानिल अशी अफूच्या गटातली वेदनाशामकं ही प्रतिक्रिया बोथट करतात आणि खोकल्याची उबळही दाबतात. कफ छातीतच साचतो, त्यात जिवाणू वाढतात आणि फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनिया होतो. प्रयोगशाळेत मॉर्फिनमुळे प्रतिकारपेशीही मंदावलेल्या दिसतात. प्रत्यक्ष रुग्णांत यातला वाटा औषधाचा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं.

ताप येताच, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर 48 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

मग ताप उतरेपर्यंत मॉर्फिन बंद ठेवू का? (लातूर)

मनाने बंद करू नका. रोजची गोळी एकदम थांबली की साधारण 8 ते 24 तासांत नाक गळणं, जांभया, घाम, अंगावर काटा, जुलाब, अंगदुखी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ती कळस गाठते. घरच्यांना वाटतं, फ्लूच वाढला. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जांभयांवर जांभया आणि अंगावर काटा असेल तर संशय गोळी चुकल्याचा धरा. 101 फॅरनहाइटच्या वर ताप, घसादुखी आणि खोकला असेल तर विषाणूचा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष हवं. तापात पाणी कमी गेलं, लघवी कमी झाली की मॉर्फिनपासून बनणारे पदार्थ मूत्रपिंडातून बाहेर पडत नाहीत. नेहमीचाच डोस मग जड होतो आणि माणूस गुंगीत जातो. अशा वेळी डोस कमी करावा लागतो, पण किती ते डॉक्टर ठरवतील. उलटीत गोळी पडली तर लगेच दुसरी देऊ नका, आधी फोन करा.

वडिलांना कंबरदुखीसाठी ट्रमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चारदा आहे. ताप आला म्हणून मेडिकलवाल्याने 650 ची गोळी आणि खोकल्याचं पातळ औषध दिलं. चालेल? (अंबाजोगाई)

गोळ्यांच्या पट्टीमागे लिहिलेलं वाचा. या गोळीत बहुधा 37.5 मिग्रॅ ट्रमाडॉल आणि 325 मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. चार गोळ्यांत 1300 मिग्रॅ झालं; वर पॅरासिटामॉलचीच 650 ची चारदा घेतली तर 3900. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे. अंगाने बारीक, वयस्कर किंवा दारू घेणाऱ्याला तीही जास्तच. शिवाय गोळीतलं पॅरासिटामॉल ताप झाकतं, म्हणून थर्मामीटर पुढच्या गोळीच्या आधी लावा.

पातळ औषधात कोडीन असेल तर ते अफूच्या गटातलं दुसरं औषध झालं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर ट्रमाडॉलसोबत थरथर, घाम, गोंधळ, क्वचित झटकेसुद्धा येऊ शकतात. क्लोरफेनिरामीनने गुंगी वाढते. पातळ औषध बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दोन्ही पाकिटं दाखवा.

दुखण्यासाठी त्वचेवर फेंटानिलचा पॅच (औषधाची चिकटपट्टी) लावलेल्याला ताप आला तर? (नांदेड)

अंग तापलं की पॅचमधून औषध जास्त वेगाने शोषलं जातं. 40 अंश सेल्सिअसला रक्तातलं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं. पॅचवर शेक किंवा गरम पाण्याची पिशवी नको, जाड गोधडीही नको. क्लॅरिथ्रोमायसिन (जिवाणूंवरचं) आणि रिटोनाविर (विषाणूंवरचं) फेंटानिलचं प्रमाण वाढवतात, म्हणून ही औषधं लिहिणाऱ्याला पॅचबद्दल आधी सांगा. पॅच काढल्यावरही असर अर्ध्यावर यायला 17 तास किंवा जास्त लागतात. तेवढा वेळ लक्ष ठेवा.

घरी नेमकं काय मोजायचं? (हिंगोली)

रुग्ण झोपेत असताना, न उठवता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एरवी न्यूमोनियात श्वास मिनिटाला 24 च्या वर जातो. या औषधांवर असलेल्या माणसाचा 16 च दिसू शकतो आणि ऑक्सिजन मात्र 90 वर आलेला असतो. म्हणून श्वासाची संख्या आणि ऑक्सिमीटर दोन्ही बघा. बोट गरम करून, नेलपॉलिश काढून मोजा. ऑक्सिजन 94 च्या खाली आला की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑक्सिजन 90 च्या खाली, श्वास 10 पेक्षा कमी, हाका मारूनही नीट जाग येत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या किंवा घशात घरघर: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा, एका कुशीवर झोपवा, तोंडातून काहीही देऊ नका. कोणतं औषध, किती, शेवटचं केव्हा घेतलं हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना सांगा. त्यावर नॅलोक्सोन हे उताऱ्याचं इंजेक्शन द्यायचं का ते ठरतं.