दहाचा तेविसावा घात : इथे घात म्हणजे काय?

शेजारची पोरगी यंदा अकरावी सायन्सला आहे, रोज बसने आर्वीला जाणं-येणं करते. परवा संध्याकाळी केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन ओट्यावर आली अन् म्हणे, "काका, हे दहाच्या डोक्यावर तेवीस असते, त्याले मराठीत कसं वाचाचं? कॉलेजात तं टेन रेज टू ट्वेंटी थ्री म्हणतात. मी दहावर तेवीस म्हणलं तं सगळे हासले. अन् मराठी पुस्तकात घात लिहून आहे, घात म्हणजे तं धोका ना?" मग जाता जाता आणखी एक विचारलं, डोक्यावरचा आकडा उणे असला तर पूर्ण संख्याच उणे होते काय. तिन्ही प्रश्न चांगले आहेत, ओट्यावर सांगितलं ते घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. मोबाईलवर मराठी आकडा वर चढवता येत नाही म्हणून १०^२३ असं टाइप करतोय, टोपीच्या पुढचा आकडा तो डोक्यावरचा समजावा.

आधी "दहावर तेवीस" घेऊ. पोरीची चूक नाही, डोळ्याला जे दिसते ते ती बोलली. पण मराठीत "वर" म्हटलं की बेरीज होते. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक टाकतो ते एकशे एक होतात, कोणी म्हटलं साठीवर दोन वर्षं झाली की आपण बासष्ट समजतो. त्या हिशोबाने दहावर तेवीस म्हणजे तेहतीस! म्हणून ते वाचन सोडायचं. दुसरं एक वाचन मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे, "दहावर तेवीस शून्यं", अन् ते जास्त घातक आहे कारण ते अर्धं बरोबर वाटते. १०^५ घ्या, दहा लिहून त्यावर पाच शून्यं दिली तर दहा लाख होतात, पण १०^५ तर एक लाखच आहे. शून्यं द्यायची ती एकावर, दहावर नाही. एकापासून निघायचं आणि दहाने पाच वेळा गुणायचं, एवढाच त्या खुणेचा अर्थ. तेव्हा बरोबर वाचन "दहाचा पाचवा घात", अन् तिच्या पुस्तकातलं ते "दहाचा तेविसावा घात". यात दहा हा पाया, तेवीस हा घातांक, आणि गुणून जे उत्तर येते तो घात. लोक बोलताना घात अन् घातांक एकच करून टाकतात, मग पुढे घातांकांची बेरीज करा म्हटलं की पोरं घातांचीच बेरीज करतात अन् गणित फसते. म्हणून हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत असं मला फार वाटते.

आता घात म्हणजे धोका का? इथे खरी गंमत आहे. संस्कृतात हन् हा धातू आहे, मारणे, आघात करणे या अर्थाचा. आघात, विघात, विश्वासघात ही सगळी त्याचीच मंडळी. पण जुन्या गणितात याच धातूचे शब्द गुणाकारासाठी वापरले जायचे, हनन म्हणजे गुणणं, घात म्हणजे गुणाकार, वध हा शब्दसुद्धा गुणाकाराच्या अर्थाने सापडतो. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची, तिच्यात वर्ग म्हणजे काय तर "समद्विघात", सारख्या दोन संख्यांचा गुणाकार, आणि घन म्हणजे "समत्रिघात", सारख्या तिनांचा. बघा किती सरळ आहे, समत्रिघात या एका शब्दात पूर्ण व्याख्या बसली. तिथे घात म्हणजे नुसता गुणाकार होता, आपल्याकडे आता तो आकसून "तीच संख्या पुन्हा पुन्हा गुणून आलेला गुणाकार" एवढ्यापुरता राहिला. त्यामुळे दहाचा तेविसावा घात म्हणताना कोणाचा काही घात होत नाही, तेवीस दहांचा गुणाकार होतो.

शेतकऱ्याच्या तोंडी तर आणखी एक घात आहे आणि ती स्त्रीलिंगी आहे. पाऊस पडून गेला, जमिनीत ओल बरोबर आली, पाय रुतत नाही अन् माती उडतही नाही, की म्हणतात पेरणीची घात साधली, किंवा चार दिवस उशीर झाला तर घात गेली. म्हणजे तो घात झाला तर नुकसान, ती घात साधली तर पीक, आणि गणितातला घात या दोन्हीपेक्षा वेगळा. पोरीला मी हेच सांगितलं, तर तिला आपल्या बाबांचं "घात चालली" हे बोलणं आठवलं अन् ती खुश झाली.

पण मला जे खरं सांगायचं होतं ते वेगळंच आहे. आमची आजी शाळेत गेली नव्हती पण एकं दहं तिला पाठ होतं, एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, असं ती एका दमात म्हणायची. आता हेच म्हणा आणि सोबत बोटं मोजा, फक्त एकंला शून्य धरा. दहं एक, शतं दोन, सहस्र तीन, दशसहस्र चार, लक्ष पाच. लक्ष म्हणजे १०^५. पुढे दशलक्ष सहा, कोटी सात, म्हणजे कोटी १०^७. हे जे बोटावर येते तोच घातांक! आपण लहानपणी जे घोकलं ती घातांकांचीच यादी होती, प्रत्येक पायरी मागच्याच्या दहापट, लीलावतीत यालाच "दशगुणोत्तर" म्हटलं आहे. म्हणून गावातलं पोरगं १०^७ पाहून घाबरलं तर त्याला पॉवर बिवर सांगायच्या आधी एकं दहं म्हणायला लावावं, सातव्या बोटावर कोटी आलं की त्याला आपोआप समजते.

लीलावतीतली यादी अब्जावर थांबत नाही, अब्ज १०^९, मग खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, तो १०^१७. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर, मीटरात केलं तर १.५ × १०^११, अन् १०^११ म्हणजे निखर्व, म्हणजे सूर्य दीड निखर्व मीटर लांब आहे असं शुद्ध मराठीत म्हणता येते. मला हे वाक्य फार आवडते. पण केमिस्ट्रीत रेणू-अणू मोजायला वापरतात तो अॅव्होगॅड्रोचा आकडा, ६.०२२ × १०^२३, हा परार्धाच्याही पार जातो, नावाने सांगायचा तर साठ लाख बावीस हजार परार्ध म्हणावं लागेल, आणि एवढे रेणू कशात, तर अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे तांब्यातून घेतलेल्या एका मोठ्या घोटात.

मग नावं असताना घात कशाला? कारण नावं गावागणिक, भाषेगणिक सरकतात. आपल्या विदर्भात हे जास्त जाणवते कारण आपण मराठी बोलतो अन् टीव्ही हिंदी पाहतो. हिंदीतला अरब आणि मराठी अब्ज सारखे, दोन्ही १०^९. पण मराठी खर्व म्हणजे दहा अब्ज, १०^१०, आणि हिंदी खरब म्हणजे शंभर अरब, १०^११. शब्द सारखा वाटते अन् किंमत दहापट वेगळी. इंग्रजांचंही तेच, ब्रिटनमध्ये सरकारी कामात १९७४ पर्यंत बिलियन म्हणजे १०^१२ धरायचे, नंतर १०^९ धरायला लागले. १०^११ लिहिलं की नागपूर काय अन् लंडन काय, अर्थ एकच.

या लेखनाला मराठीत काय म्हणावं हेही तिने नंतर विचारलं. घातरूप म्हणावं की वैज्ञानिक लेखन? माझं मत असं की दोन्ही लागतात कारण दोन्ही एक नाहीत. १५ × १०^१० हे घातरूप झालं, किंमतही बरोबर आहे, पण वैज्ञानिक लेखनाचा एक नियम जास्तीचा आहे, गुणिलेच्या आधीची संख्या एक किंवा त्याहून मोठी पण दहाच्या आत पाहिजे. म्हणून १.५ × १०^११. या नियमामुळे नुसता घातांक पाहून कोण मोठं कोण लहान ते लगेच कळते.

आता उणे घातांक, इथे पोरं सगळ्यात जास्त अडखळतात आणि दोष शब्दाचा आहे. पुस्तकात "ऋण घातांक" लिहून असते, आणि आपल्याकडे ऋण म्हटलं की डोळ्यापुढे सातबारावरचा बोजा येतो, खातं शून्याच्या खाली गेलं असं वाटते. पण १०^-६ ही संख्या शून्याच्या वरचीच आहे, अगदी बारीक आहे एवढंच. एकं दहं उलटं म्हणत खाली या, शतंला दहाने भागलं की दहं, दहंला भागलं की एकं, आता थांबू नका, एकंला दहाने भागा, दशांश, मग शतांश, मग सहस्रांश. बोटं शून्याच्या मागे जातात, उणे एक, उणे दोन, उणे तीन. उणे म्हणजे इथे भागाकाराच्या पायऱ्या, कर्ज नाही. वर परार्धापर्यंत नावं आहेत पण खाली रोजच्या बोलण्यात सहस्रांशापर्यंतच शब्द टिकले आहेत, फार झालं तर लक्षांश, दशलक्षांश. त्यामुळे बारीक संख्यांना या लेखनाची गरज मोठ्या संख्यांपेक्षा जास्त आहे असं मी म्हणेन.

हे दाखवायला मी घरातून कापसाचं एक बोंड आणलं. सरकीवरून एक तंतू अलगद ओढून तिच्या वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर ठेवला, दिवसाचा उजेड होता म्हणून दिसला, नाहीतर फुंकरीने उडाला असता. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे ३ × १०^-२ मीटर. जाडी १५ मायक्रॉनच्या आसपास धरली, एक मायक्रॉन म्हणजे १०^-६ मीटर, म्हणून १.५ × १०^-५ मीटर. आता लांबी जाडीच्या किती पट? तीनाला दीडने भागलं, दोन. भागाकार आहे म्हणून घातांकांची वजाबाकी, उणे दोनमधून उणे पाच वजा केले तर अधिक तीन. उत्तर २ × १०^३, दोन हजारपट. पोरगी त्या तंतूकडे बघतच राहिली, दरसाल दिवाळीच्या सुट्टीत ती वेचणीला जाते पण तो धागा आपल्या जाडीच्या दोन हजारपट लांब असते हे तिला पहिल्यांदा दिसलं.

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०^-३१ किलो, इथे शून्यं मोजताना परत तीच एका शून्याची चूक होते, दशांश चिन्हानंतर शून्यं एकतीस नाही, तीस येतात अन् मग नऊ.

एक गोष्ट सांगून टाकतो कारण ती आमच्या गावात घडली आहे. पिकाच्या नुकसानीच्या अनुदानासाठी लोकांची यादी एक्सेलमध्ये करत होतो, एकाने आधार नंबर टाइप केले आणि पूर्ण कॉलममध्ये ४.५६ई+११ असं काहीतरी दिसायला लागलं. दोन शेतकऱ्यांचे आकडे तर हुबेहूब सारखे दिसले आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "बावा, माहा नंबर दुसऱ्याले देला काय?" ती ई म्हणजे एक्स्पोनंट, आपला घातांक, ४.५६ई+११ म्हणजे ४.५६ × १०^११. बारा आकडी संख्या दिसली की एक्सेल तिला आपणहून या रूपात दाखवते. आधारचे आकडे आत शाबूत होते, फॉरमॅट बदलल्यावर परत दिसले. पण बँक खात्याचे नंबर सोळा-सतरा आकडी होते आणि एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवते, पुढच्यांच्या जागी शून्य टाकते, ते खरंच गेले अन् पासबुकं मागवून परत टाकावे लागले. आधी कॉलम टेक्स्ट करून घेतला असता तर हे झालं नसतं. वैज्ञानिक लेखन सांगते ती वस्तू केवढी आहे, आणि आधार नंबर "केवढा" नसतोच, तो आकड्यात लिहिलेलं नाव आहे. नावाला घात लावायचा नाही.

आता वाचनाचं तेवढं पक्कं करून देतो. ६.०२२ × १०^२३ हे "सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात", पॉइंटनंतरचे आकडे सुटे वाचायचे, "शून्य बावीस" नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युत प्रभार, त्याचं उणे चिन्ह बाजूला ठेवून, १.६०२ × १०^-१९ कूलोम (कूलोम हे प्रभाराचं एकक), "एक पॉइंट सहा शून्य दोन गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात". मी मुद्दाम उणे म्हणतो, ऋण नाही, कारण वर सांगितलं ते, पण परीक्षेत ऋण लिहिलं तरी बरोबरच आहे. राहिला १०^०, तिने वहीत "दहाचा शून्यावा घात" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. शून्यावा हा शब्द कानाला ओळखीचा नाही, मी तिथे "दहाचा घातांक शून्य" असं वाचतो, आणि किंमत एक, कारण दहाने अजून एकदाही गुणलेलं नाही, एकं दहंमधल्या एकंवरच उभे आहोत.